रेल्वे डब्यातलं हॉटेल: जेवण झकास, डब्याची मात्र वाट लावलीय

बेळगावहून खानापूरकडं जाताना रस्त्याला लागून जुना रेल्वे डबा आणून ठेवलाय ना, त्यात आता हॉटेल सुरू झालंय, तिथं मामा, मामी, आज्जी सगळ्यांना घेऊन जेवून आलो. नाव टाकत नाही, पोरं नवीन आहेत, सुधारतील. ज्यांना फक्त जेवणाचंच पाहिजे त्यांनी एवढंच वाचा: मटण थाळी मस्त, तांबडा रस्सा आपल्याकडचा आहे तसा जाळ, पांढरा पाणचट, भाकरी तव्यावरची गरम येते. बिल बाकी गार्डन हॉटेलांपेक्षा माणशी शंभरभर जास्त. हे वरचे शंभर कशाचे तर डब्याचे, म्हणून आता डब्याचंच बोलतो.

डबा जुना आयसीएफचा, म्हणजे चेन्नईच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीच्या जुन्या डिझाइनचा स्लीपर. बाहेरनं लालभडक रंग, आत पाऊल टाकलं की मात्र कळतच नाही आपण रेल्वेत आहोत. बर्थ सगळे उचकटून काढलेत, प्लायवूड, फॉल्स सिलिंग, एलईडी पट्ट्या, गुबगुबीत सोफे. वर सरकवायची शटर आणि आडव्या सळ्या काढून फिक्स काचा बसवल्यात, म्हणजे वारं बंद, म्हणजे एसी आलाच, आणि दुपारच्या उन्हात तापलेल्या लोखंडी डब्यापुढं तो एसी बिचारा किती पुरणार. साइड लोअरला खिडकीत बसून चहा प्यायचा म्हणून लोक डब्यात येणार ना? तीच जागा गायब आहे. अहो, समोरासमोरचे दोन बर्थ म्हणजे सहा माणसांचं घरचं टेबल तयारच होतं की, मध्ये फक्त एक फळी टाकायची होती. त्याऐवजी दोन्हीकडं सोफे घुसवलेत. डब्याची रुंदी बाहेरनं मोजली तरी सव्वातीन मीटर, त्यात सोफे घातल्यावर वेटर रस्स्याची वाटी घेऊन आडवा होऊन चालतोय आणि आपण शर्ट सांभाळत बसायचं.

मामा हुबळीच्या वर्कशॉपमधनं रिटायर. आम्ही मेनू बघतोय तोवर हे बाहेर जाऊन संडासाच्या बाजूला वाकून खालचा पत्रा किल्लीनं ठोकत होते. मालक धावत आला, काय झालं अण्णा म्हणून. मामा म्हणाले, आयसीएफचा डबा सडतो तो इथनंच, संडासाखाली, दाराजवळच्या फ्लोअरला आणि खिडकीखालच्या पत्र्यात, कारण पाणी तिथंच मुरतं. तिथला पत्रा कापून नवा वेल्डिंग केला तर डबा उभ्या जागी अजून पुष्कळ वर्षं निघेल. यांनी पुट्टी भरून वर रंग मारलाय. "रंगानं गंज थांबतोय व्हय?" एवढं बोलून मामा जेवायला बसले, मालकाचं तोंड बघण्यासारखं झालं. खरंच त्या टोकाला रंगाला फोड आलेत, आणि यंदाचा पाऊस अजून यायचाय.

परत येताना गाडीत वाद झाला. भाऊ म्हणाला जनरलला पाय ठेवायला जागा नसते आणि चांगले डबे भंगारात कसले घालवता, रिपेअर करून पळवा की. तर तसं नाही. हे मूळ स्विस डिझाइन, पेरांबूरच्या कारखान्यात 1955 पासून बनत होतं, पळायचं आयुष्य धरलंय 25 वर्षं. अपघातात हे डबे एकमेकांवर चढतात, एकमेकांत घुसतात. आता पळणारे नवे जर्मन डिझाइनचे एलएचबी डबे स्टेनलेस स्टीलचे आणि त्यांचं कपलिंग, म्हणजे डबे जोडायचा सांधा, डबे चढू नयेत असंच केलेलं, म्हणून 2018 मध्ये या जुन्या डिझाइनचे डबे बनवणंच बंद केलं. म्हातारा डबा नुसता चकाचक करून त्यात माणसं भरायची याला माझा पण नकारच आहे. पण माणसं सोडून दुसरं काम त्याला जमतं की. रेल्वे स्वतःच सीटा काढून, खिडक्या बंद करून, टोकाला दारं करून त्यातनं नव्या कारगाड्या नेते. 2020 ला कोविडमध्ये मधले बर्थ काढून स्लीपरचेच आयसोलेशन वॉर्ड केलेले.

हॉटेल करायचं तर माझ्या मते स्टेशनात करावं. मुंबईला सीएसएमटीला 2021 मध्ये केलं तसं, डबा रेल्वेचाच राहतो, चालवणारा फी भरतो, आणि मुख्य म्हणजे डबा रुळावरनंच जागेवर येतो. इथं 21 मीटरचं धूड ट्रेलरवर घालून आणायचं, दोन्ही टोकांना क्रेन लावून उतरवायचं, वळणावर ट्रॅफिक अडवायचं. मालकच म्हणाला डब्यापेक्षा आणण्या-बसवण्याचाच खर्च डोक्यावर बसला, तेवढ्यात चांगली शेड झाली असती. लोंढ्याला असा एक डबा पाहिजे बघा, गोव्याकडची गाडी बदलायला माणसं ताटकळत असतात, तिथं गरम भाकरी मिळाली तर कोण नको म्हणतंय.

तर जेवणाला चार स्टार, डब्याला दोन. मालकाला सांगून आलोय, निदान एका टोकाचे बर्थ आणि उघडणाऱ्या खिडक्या परत बसव, एसीचं बिल पण कमी येईल. आणि जाणाऱ्यांनो, घरात वयस्कर कोण असेल तर आधी फोन करून विचारा. प्लॅटफॉर्म नाही, डब्याच्या उभ्या लोखंडी पायऱ्या चढूनच आत जायचंय. आमच्या आज्जीला दोघांनी धरून चढवलं, उतरताना तर तिनं सरळ बाहेर बाजेवर ताट आणा म्हणून सांगितलं असतं तर बरं झालं असतं असं ऐकवलं. बाहेर ओटा बांधतोय म्हणालाय, बांधला की परत जाणार.