पिकनिकला केग न्यावा की बाटल्या?

जुलै सरत आला की आमच्या होमब्रू क्लबात, म्हणजे घरी बिअर करणाऱ्यांच्या मंडळात, नव्याने आलेला कुणीतरी हमखास विचारतो, ऑगस्टच्या पिकनिकला बिअर केगमधून (नळ जोडायच्या स्टीलच्या पिंपातून) आणू की बाटल्यांतून? मग जुने मेंबर आपापली बाजू लावून धरतात आणि विचारणारा मूळ प्रश्नच विसरतो. शिकागोच्या पश्चिमेकडच्या उपनगरांतला आमचा क्लब. मी यात तीन उन्हाळे केगवाला होतो, नंतरचे चार उन्हाळे बाटलीवाला आहे. आकड्यांवरून माझा कल कळेलच, पण केगची बाजू पडती आहे असं अजिबात नाही. उलट कागदावर केगच जिंकतो.

आधी एक सांगतो, ही पिकनिक म्हणजे स्पर्धा नव्हे. स्पर्धेला बिअर पाठवायची तर सहसा बाटलीच लागते, तिथे प्रश्न मिटला. इथे पार्कातल्या एका शेडखाली पन्नासेक माणसं जमतात. त्यांत पोरं, कुणाची सासू, आणि त्या उन्हाळ्यात भारतातून कुणाचे आईवडील आले असतील तर तेही. शेजारी बार्बेक्यूची चुरस चालू असते. कुणी पहाटे पाचपासून डुकराच्या खांद्याला धूर देत बसलेला असतो, तर कुणी ब्राटवुर्स्ट हे जर्मन सॉसेज स्वतःच्याच बिअरमध्ये उकळून मग जाळीवर टाकतो. विक्रीचा प्रश्नच नाही. १९७८ साली अध्यक्ष कार्टर यांनी सही केलेल्या कायद्याने घरी बिअर करायला मोकळीक दिली, दोन प्रौढांच्या घराला वर्षाला २०० गॅलन, पण विकायची नाही. त्यामुळे इथे सगळं फुकट असतं, आणि फुकटच्या बिअरला लोक अगदी मोकळेपणाने नावं ठेवतात.

तर केग. केगवाल्यांचा पहिला मुद्दा बिनतोड आहे: बाटल्या धुवाव्या लागत नाहीत. पाच गॅलनच्या बॅचला १२ औंसाच्या पन्नासेक बाटल्या लागतात. त्या घासा, सॅनिटायझरमधून काढा, भरा, बुचं दाबा आणि आत गॅस धरेपर्यंत दोन आठवडे वाट बघा. शनिवारची दुपार जाते, फरशी चिकट होते आणि घरातली माणसं आपल्याशी तुटक बोलायला लागतात. केगला हे सगळं एकदाच. शिवाय आयपीए, म्हणजे हॉप्सच्या कडवट-सुवासिक फुलांची बिअर, नेणार असाल तर हॉप्सचा ताजा वास केगमध्ये जितका टिकतो तितका घरी भरलेल्या बाटलीत टिकत नाही, निदान माझ्या हातून तरी नाही. बिअर नितळ येते. ज्याला दोनच घोट चाखायचे आहेत त्याला दोनच घोट देता येतात. आणि खरं सांगायचं तर बर्फाच्या टबात उभा असलेला स्टीलचा केग रुबाबदार दिसतो. लोक येऊन विचारपूस करतात. बाटल्यांना कुणी काही विचारत नाही.

फेसाचं मात्र आधीच शिकून घ्या. घरी फ्रिजमध्ये ३८ अंश फॅरनहाइटला, १२ पीएसआय इतक्या गॅसच्या दाबावर शहाण्यासारखा बसलेला केग डिकीत पाऊण तास हिंदकळला की पार्कात पोचेपर्यंत चिडलेला असतो. तळाशी बसलेलं यीस्टही उठतं. पोचल्यावर लगेच नळ उघडायचा नाही. तासभर बर्फात सोडायचा, वरचा दाब सोडून तीन-चार पीएसआयवर आणायचा, मग पहिला ग्लास. पाईप आखूड ठेवायचा नाही. आणि एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही: केग बर्फात असतो, पण पाईप आणि नळ बाहेर उन्हात लोंबत असतात. तापलेल्या पाईपातून येणारा पहिला ग्लास फेसाचाच असणार. सगळा पाईप गुंडाळून बर्फात दाबला की निम्मी कटकट कमी होते. गॅससाठी १६ ग्रॅमची छोटी नळकांडी नेणार असाल तर एका केगला दोन-तीन धरून चाला. एकावर भागेल असं सांगणारे भेटतात, पण दुपारी तीनच्या सुमाराला तेच दुसऱ्याकडे नळकांडं मागत हिंडताना दिसतात.

हे सगळं जमतं. मला जमलं होतं. मी केग सोडला तो फेसापायी नाही.

सोडला तो राखणीपायी. घरी केग फ्रिजमध्ये असतो, मी सोफ्यावर असतो, दोघंही सुखी. पिकनिकला मात्र त्याच्याजवळ कुणीतरी मोठं माणूस सतत उभं लागतं, आणि ते माणूस म्हणजे ज्याचा केग तो. तो ‘पिकनिक टॅप’ म्हणून मिळणारा काळा प्लास्टिकचा नळ तुम्ही पाहिला असेलच. अंगठ्याने खटका दाबला की धार सुटते. लहान पोरांना याहून चांगलं खेळणं नाही. माझ्या मुलीसाठी मी दुसऱ्या केगमध्ये आल्याचा सोडा करतो. मुलांच्या पेयांसाठी केग उत्तमच, फक्त रूट बिअरसाठी वेगळा केग ठेवा, कारण तो वास रबराच्या रिंगा बदलल्याशिवाय जात नाही. तर तिसऱ्या वर्षी एकाच टबात दोन केग होते, दोघांनाही तसेच काळे नळ. एका नळाला मी लाल चिकटपट्टी लावली होती. ती बर्फाच्या पाण्यात तासाभरातच सुटली.

आता माझी दुसरी बाजू ऐका. मी मूळचा भुसावळकडचा, आणि चुरशीत मी भरीत करतो. आमच्याकडे वांगी भाजतात ती पऱ्हाट्यांवर, म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्यांवर, आणि वांगंही पांढरट-हिरवं, लांबोडकं, कमी बियांचं. जळगावच्या या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. आमच्या घरात त्याआधीही कुणाला शंका नव्हती. इथे ते मिळत नाही. मी जांभळी मोठी वांगी घेतो, हातात वजनाला हलकी लागतील अशी निवडून, आणि वेबर कंपनीच्या गोल ग्रिलात जाळी काढून थेट निखाऱ्यांवर ठेवतो. (शिकागोत राहून ग्रिल तरी दुसरा कुठला घेणार? १९५२ साली इथल्याच एका धातूकामाच्या कारखान्यात काम करणाऱ्या जॉर्ज स्टीफन यांनी पाण्यावर तरंगणारा लोखंडी बोया अर्धा कापून त्याची ही भट्टी केली.) निखाऱ्यावरचं वांगं बायकोच्या ताब्यात देऊन चालत नाही, तिचा यावर विश्वास नाही. दर तीन-चार मिनिटांनी चिमट्याने फिरवावं लागतं. साल सगळीकडून सारखी करपून सुटली पाहिजे आणि देठाजवळ दाबल्यावर आत बोट जाईल इतकं मऊ झालं पाहिजे.

त्या दिवशी सहा वांगी ठेवली आणि टबाकडून हाक आली, “नुसता फेस येतोय!” गेलो, दाब कमी केला. परत येतो तोच शेजारच्यांची आठ वर्षांची मुलगी आल्याचा सोडा समजून भलत्याच नळाखाली कप धरून उभी. तिची आजी माझ्याकडे अशी बघत होती की मीच तिला बोलावलंय. तिला योग्य नळावर नेलं, सोडा भरून दिला, आजीची समजूत काढली. ग्रिलपाशी आलो तर चार वांग्यांची एक बाजू कोळसा झालेली, दुसरी कच्ची. ती उलटीपालटी करेपर्यंत सात-आठ मिनिटं गेली असतील. तेवढ्यात कुणीतरी मदत म्हणून बर्फाची नवी पिशवी आणून टबात टाकली होती, ती नेमकी नळाच्या खटक्यावर. बिअर सावकाश, कुणाला न दिसता, टबात जात होती. मी पोचलो तेव्हा बर्फाचं पाणी चहाच्या रंगाचं झालं होतं आणि वर फेसाची साय. ज्या पेल एल बिअरवर मी महिनाभर काम केलं होतं, तिच्यात आता आल्याच्या सोड्याचा केग गळ्यापर्यंत बुडाला होता.

भरीत कडू झालं. मतं टाकायला प्रत्येकाला बाटलीची पाच बुचं दिलेली असतात, ज्याचं आवडलं त्याच्या बरणीत टाकायची. माझ्या बरणीत तीन बुचं होती. एक माझं, एक मुलीचं. तिसरं कुणाचं ते मी विचारलं नाही.

पुढच्या वर्षी बाटल्या नेल्या. आता त्यांच्या खोड्याही सांगतो, कारण त्या कमी नाहीत. काचेची बाटली आमच्या पार्कात चालत नाही. बुकिंगच्या कागदावर तसं स्पष्ट लिहिलेलं असतं, तुमच्या इथलं बघून घ्या. म्हणून मी जाड तपकिरी प्लास्टिकच्या, फिरकीच्या झाकणाच्या बाटल्या वापरतो. त्यातून हवा हळूहळू आत शिरते, त्यामुळे महिनोन्‌महिने साठवायला त्या नकोत, पण दोन-तीन आठवड्यांच्या कामाला माझ्या अनुभवात काही फरक पडत नाही. फायदाही आहे: गॅस धरण्यासाठी आत साखर घालून ठेवली असेल तर तो धरला की नाही ते हाताने दाबून कळतं. दगडासारखी लागली की तयार.

मोठी खोडी गाळाची. बाटलीतच आंबवलेल्या बिअरच्या तळाशी यीस्टचा थर बसतो, आणि केगला जो प्रवास बाधतो तोच बाटलीलाही. सकाळी नितळ असलेली बिअर दुपारी ताकासारखी दिसते. यावर मला दोन उपाय सापडले. पहिला, भांडण टाळण्याचा: गव्हाची बिअर न्या. जर्मन पद्धतीच्या हेफेवाइझेनमध्ये तळाचं यीस्ट घोळून ग्लासात ओतणं हीच रीत आहे, गढूळपणा हा तिचा गुण धरला जातो. कुणी नाक मुरडलं तर म्हणायचं, बव्हेरियात असंच पितात. दुसरा उपाय, घरी केग असेल त्यांच्यासाठी: बिअर केगमध्येच निवळू द्या, गॅस धरू द्या, आणि आदल्या रात्री गार बाटल्यांत गार बिअर हलक्या दाबाने भरा. बाटली भरली की तिला बाजूंनी दाबून फेस गळ्यापर्यंत चढवायचा आणि फेसावरच झाकण फिरवायचं, म्हणजे आत हवा राहत नाही. मी हेच करतो. यात गाळ जवळजवळ नसतोच, आणि पन्नास बाटल्या धुवायच्या भानगडीतूनही सुटतो, कारण अर्ध्या लिटरच्या छत्तीस भरल्या की माझी पिकनिक भागते.

आणि मग पार्कात गेल्यावर करायचं काय? काहीच नाही. बाटल्या बर्फात खोचायच्या, झाकणांवर मार्करने नाव आणि अल्कोहोलचं प्रमाण लिहिलेलं असतं, पेटीवर ‘मोठ्यांसाठी’ असा कागद, आणि ती पेटी मोठ्यांच्या टेबलामागे. बाटली उघडायला झाकण फिरवावं लागतं, त्यामुळे चुकून कुणाच्या कपात जात नाही. मी दिवसभर निखाऱ्यांपाशी. आई गेल्या उन्हाळ्यात आली होती तेव्हा ती शेजारी खुर्ची टाकून बसली, आणि वांगी फिरवायची वेळ झाली की मला घड्याळाआधी सांगायची. भरीत ठेचायची लाकडी बडगी नव्हती, म्हणून लाकडी सॅलड बाऊलमध्ये लाटण्याच्या टोकाने भरीत ठेचलं, वर कांद्याची पात आणि शेंगदाणे. कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या) भाकरीची सोय काही झाली नाही, मक्याच्या टॉर्टियावर भागवलं.

तरी केग कुणी न्यावा ते सांगतो. चुरशीत उतरणार नसाल, नुसते खाणारे असाल, तर केग न्या. टबाशेजारी खुर्ची टाकून दिवसभर गप्पा मारायला आवडत असेल तर त्याहून चांगली जागा नाही, सगळी पिकनिक तुमच्यापाशीच येते. आमचे एक निवृत्त सभासद हेच करतात. त्यांचा केग कधी फेसाळत नाही आणि त्यांनी आजवर एकही सॉसेज भाजलेलं नाही. आयपीए ताजी पाजायचा हट्ट असेल तरीही केगच. दोघांनी भागीत नेला, एक नळावर आणि एक ग्रिलवर, तर उत्तमच. आमच्या घरी तसं जमलं नाही, पण तुमचं जमूही शकेल.

एकटे असाल आणि निखाऱ्यावर काही ठेवणार असाल, तर मात्र मी बाटल्या भरेन.

बाटल्यांच्या बाबतीत एवढंच, की रिकाम्या परत मागायला लाजू नका. गेल्या वर्षी छत्तीस नेल्या, पस्तीस परत आल्या. छत्तिसावी आमच्या त्याच निवृत्त सभासदांकडे होती. ती त्यांनी ऑक्टोबरच्या मीटिंगला घरच्या सफरचंदांचा सायडर भरून परत केली, झाकणावर माझंच नाव तसंच ठेवून.