मिरजेचे किल्लीवाले चाचा आणि आमच्या शेवरलेटचं दार

आजोबांची 1951 ची शेवरलेट पिकअप दोन वर्षं झाली, जमेल तसा पैसा घालत उभी करतोय. इंजिन झालं, पत्रा झाला, रंग झाला. अडलं ते दाराच्या कुलपापाशी. 2019 च्या ऑगस्टमधल्या महापुरात सांगलीवाडीतल्या आमच्या शेडमध्ये पाणी दाराच्या हँडलच्या वर गेलं होतं. पाणी ओसरलं, पण कुलपातला गाळ वाळून दगड झाला.

आधी ऑनलाइन संच मागवला. या गाड्यांना बटणाचं हँडल 1952 पासून आलं, आमचं खाली वळवायचं. आला तो बटणाचा. बदलून आलेल्या कुलपाचा आतला दांडा दुसऱ्याच दिवशी किल्ली फिरवताना तुटला. साडेचार हजार पाण्यात. (पुराच्या नव्हे.)

मग कुणीतरी मिरजेच्या चाचांचं नाव काढलं. सतारी बनवणाऱ्यांच्या गल्लीपासून चार पावलांवर टपरी आहे, बोर्ड नाही, बाहेर किल्ल्यांचा घोस लटकलेला असतो तीच खूण. मी नवीन कुलूप बसवून द्या म्हणालो. त्यांनी जुनंच मागून घेतलं आणि दोन दिवस रॉकेलात बुडवून ठेवलं.

तिसऱ्या दिवशी माझ्यासमोर उघडलं. सहा पितळी पत्त्या चिमट्यानं काढून ओळीनं पेपरवर मांडल्या, क्रम चुकू नये म्हणून प्रत्येकीखाली पेन्सिलनं आकडा. सहाही पत्त्यांच्या कडेच्या खाचा एका रेषेत आल्या की शेजारची बारीक पट्टी आत सरकते आणि मगच दांडा फिरतो, हे त्यांनी मला नखाच्या टोकानं दाखवलं. दोन स्प्रिंगा गंजून खलास झाल्या होत्या. चाचांनी शेजारून सतारीच्या तरफेच्या (मुख्य तारांखालच्या बारीक) तारेचा तुकडा आणला, सुईभोवती गुंडाळला आणि कापला. झाली स्प्रिंग. किल्लीचा कोरा साचा कुठं मिळेना, म्हणून पितळेची पट्टी कानसून एकेका पत्तीच्या मापानं खाचा पाडल्या. वर ताकीद दिली, "तेल घालू नका, धूळ धरतंय. ग्राफाइटची पूड फुंका." आमच्या गाडीनं आयुष्यभर हळदीची पोती वाहिलेली, त्यामुळं धूळ म्हणजे काय ते मला सांगायला नको.

पण मला त्यांचं खरं कौतुक वाटलं ते पुढच्या गोष्टीचं. मी सहज बोलून गेलो की दार नीट लागतच नाही.

"लावताना वर उचलावं लागतंय काय?"

"होय."

"मग कुलपाला कशाला बोल लावताय? दार खाली बसलंय. बिजागरीच्या पिना बघा आधी."

बघितल्या. खरंच झिजल्या होत्या, जीभ खोबणीच्या खाली आपटत होती. कुपवाडच्या एका टर्नरकडून पिना करून घेतल्या आणि दार एका बोटानं लागायला लागलं. या सल्ल्याचे पैसे चाचांनी घेतले नाहीत. कुलपाचे, दोन किल्ल्यांसकट, चौदाशे.

तक्रारीही आहेत. गुरुवारी देतो म्हणाले आणि हातात पडलं तिसऱ्या आठवड्यात. फोन उचलत नाहीत. पावती मागितली तर हसले. शुक्रवारी दुपारी टपरी बंद असते हे मला तिथं जाऊन कळलं, तेही दोनदा. गाडीचा मुहूर्त ठरवून बसला असाल तर त्यांच्याकडे जाऊच नका.

एक आणखी. त्या काळच्या पुष्कळ अमेरिकन पिकअपना बाहेरून किल्ली एकाच दाराला असायची, फुटपाथकडच्या. आमच्याही डाव्याच दाराला आहे. ड्रायव्हरनं आपलं दार आतून हँडल ढकलून लावायचं आणि सरकत पलीकडून उतरायचं. दुसऱ्या दाराला पण बसवून देता का, असं मी विचारलं होतं. चाचांनी चष्म्यावरून बघितलं. "आजोबा उतरत होते न्हवं?"

ग्लव्ह बॉक्सचं कुलूप अजून बाकी आहे. परवा घेऊन जातोय. परवा बुधवार आहे, बघून ठेवलंय.