खरखरीमागची घडण : द स्ट्रोक्सचा पहिला अल्बम

मे महिन्यातल्या नागपुरी दुपारी कूलर बंद करणे जिवावर येते, तरी द स्ट्रोक्स या रॉक बँडचा ‘इज धिस इट’ हा अल्बम ऐकताना मी तो बंदच ठेवतो. गायक ज्युलियन कॅसाब्लांकास यांचा आवाज सरावासाठीच्या ‘पीव्ही’ कंपनीच्या एका लहानशा अ‍ॅम्प्लिफायरमधून घेतलेला आहे. त्याला आलेली खरखर कूलरच्या घरघरीत विरून जाते आणि मग गाण्यातला अर्धा जीव निघून जातो. अल्बम जेमतेम ३६ मिनिटांचा, अकरा गाण्यांचा आहे. तेवढा उकाडा सोसावा, इतकी त्याची योग्यता नक्कीच आहे.

न्यूयॉर्कच्या या पाच तरुणांचा हा पहिलाच अल्बम २००१ साली आला. आधी त्यांनी गिल नॉर्टन या अनुभवी निर्मात्याबरोबर काही गाणी मुद्रित करून पाहिली होती, पण ती फार गुळगुळीत वाटल्याने बाजूला ठेवली आणि गॉर्डन राफेल यांच्या मॅनहॅटनमधील तळघरातल्या स्टुडिओत काम नव्याने केले. ही खरखर साधनांच्या अभावातून आलेली नसून विचारपूर्वक निवडलेली आहे, हे लक्षात घेतल्याशिवाय या अल्बमचे मोल कळत नाही.

माझा एक मित्र आणि मी धरमपेठेतल्या त्याच्या गच्चीवर यातले ‘लास्ट नाइट’ हे गाणे बसवायला घेतले, तेव्हा ते मला खऱ्या अर्थाने उमगले. एकट्या गिटारवर यातला कुठलाही भाग वाजवला तरी तो पोकळ, जवळजवळ बाळबोध वाटतो. दुसरी गिटार तिच्या आघातांच्या मधल्या फटीत नेमकी शिरली की दोन्ही मिळून एकच वाद्य वाजू लागते. बँडचे गिटारवादक निक व्हॅलेन्सी आणि अल्बर्ट हॅमंड ज्युनियर ही वीण गाण्यामागून गाणे सांभाळतात आणि कुठेही एकमेकांच्या अंगावर येत नाहीत. शीर्षकगीतात तर निकोलाय फ्रेचर यांचा बास सुरावट पुढे नेतो. ‘हार्ड टू एक्सप्लेन’मध्ये फॅब्रिझिओ मोरेटी यांचे ड्रम यंत्राने वाजवावेत तसे काटेकोर ऐकू येतात, आणि मध्येच सारे वादन क्षणभर थांबते, त्या शांततेने दर वेळी माझा श्वास अडकतो. हे निष्काळजी वादकांना साधणारे नाही. आम्हाला तर ते तीन रविवार घासूनही नीट साधले नाही.

समीक्षकांनी अल्बम डोक्यावर घेतला. ब्रिटनच्या ‘एनएमई’ या संगीतविषयक नियतकालिकाने त्याला दहापैकी दहा गुण दिले, ‘पिचफोर्क’ या संगीतविषयक संकेतस्थळाने ९.१; पुढे २००९ मध्ये ‘एनएमई’ने त्याला दशकातील सर्वोत्तम अल्बम ठरवले. मात्र या कौतुकात व्हेल्वेट अंडरग्राउंड आणि टेलिव्हिजन या जुन्या न्यूयॉर्ककर बँडशी असलेल्या साम्याचीच चर्चा अधिक झाली, तर नाके मुरडणाऱ्यांनी कॅसाब्लांकास यांच्या वडिलांची मॉडेलिंग एजन्सी आणि बँडमधल्या मुलांची महागडी शाळा पुढे केली. घराणे आणि घर, दोन्ही तपासून झाले. बंदिशीकडे मात्र त्या मानाने कमी लोकांनी कान दिला, याचे मला आजही वाईट वाटते.

अल्बम निर्दोष नाही. गाण्यांचा ध्वनी आणि चाल यांत फरक इतका थोडा आहे की पहिल्या दोनतीन वेळा मधली गाणी एकमेकांत मिसळतात, आणि ड्रमचा आवाज काही ठिकाणी डब्यात कोंडल्यासारखा येतो. विकत घेताना आवृत्तीही पाहून घ्यावी : ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर अमेरिकेतील सीडी ऑक्टोबरपर्यंत लांबली आणि तिच्यातून शहराच्या पोलिसांची खिल्ली उडवणारे ‘न्यू यॉर्क सिटी कॉप्स’ हे गाणे काढून ‘व्हेन इट स्टार्टेड’ घालण्यात आले. त्या वेळी त्या पोलिसांनी सोसलेले पाहता तो निर्णय मला योग्य वाटतो. पण वगळलेले गाणे अल्बममधील सर्वांत दणकट गाण्यांपैकी आहे, म्हणून शक्य असेल तर ते असलेलीच प्रत घ्यावी आणि चांगल्या हेडफोनवर, पंखा-कूलर बंद करून, सलग ऐकावी.