लोडरला 12 मिमीचा दरवाजा: सहा महिन्यांनंतर

माझा छोटा स्किड लोडर (पुढच्या दारानं चढ-उतार करायचं, माती-दगड उचलणारं छोटं मशीन) लातूर-औसा भागात चालतो. पुढे ब्रेकर (दगड फोडायचा हातोडा) लावून काळा दगड फोडायचं काम जास्त. गेल्या उन्हाळ्यात सुपारीएवढी कपची उडाली आणि दरवाजाची काच चुरा होऊन ऑपरेटरच्या मांडीवर पडली. टफन्ड काच म्हणून जखम झाली नाही. पण दुसरी कपची डोळ्यातच गेली असती. त्या रात्री झोप लागली नाही मला.

आठवड्यात पॉलिकार्बोनेटचा, म्हणजे काचेसारख्या पारदर्शक पण चिवट प्लास्टिकचा, 12 मिमी जाडीचा दरवाजा बसवला. आता कपची लागली की 'टक्' आवाज येतो, बारीक खळगा पडतो, बस्स.

त्रास आहे तो ओरखड्यांचा. आपली धूळ कोरड्या फडक्यानं पुसली की संपलं. संध्याकाळी ऊन समोर आलं की सगळं धुरकट दिसतं. आधी भरपूर पाणी मारायचं, मग साबण आणि मऊ कापड. थिनर-पेट्रोल अजिबात नको, चिरा पडतात.

आणि दाराचा सेन्सर बघा. माझ्या मशीनचं दार उघडं असलं की आर्म (बकेट किंवा ब्रेकर उचलणारे हात) हलत नाहीत. फिटर म्हणाला, "दादा, वायर डायरेक्ट करून देतो." मी हात धरला त्याचा. आर्म दारासमोरूनच खाली येतात. माणूस उतरत असेल तर?

नुसती माती-मुरूम भरत असाल तर मूळची टफन्ड काचच पुरे, हे पैसे एसीत घाला. मे महिन्यात एसीशिवाय कुणी दार लावून बसणार नाही. ब्रेकर चालवत असाल तर मात्र उद्यावर टाकू नका.