अर्लीऊम : आंब्याच्या हंगामात सर्व्हरवर बसवलेला राखणदार

अक्षय तृतीयेच्या आदल्या संध्याकाळी शेडमधला सर्व्हर त्या आठवड्यात पाचव्यांदा गोठला. अण्णा, म्हणजे माझे सासरे, पेटीत गवत पसरता पसरता म्हणाले, "तुझो डबो परत निजलो काय गो?"

निजला असता तर हलवून उठवला असता. हा जागा होता. पिंग केलं की लगेच उत्तर देत होता. हार्ड डिस्कचा दिवा न मिटता पेटलेला, आतून किर्रकिर्र, आणि लॉगिनला नाव टाकलं की पासवर्ड विचारायलाच तीन-चार मिनिटं. मी 'फ्री -एच' (मोकळी मेमरी दाखवणारी आज्ञा) टाइप करून चहा टाकायला गेले. चहा पिऊन, कप विसळून आले तरी स्क्रीनवर माझीच ओळ. शेवटी बटण दाबून धरलं. डेटाबेस चालू असताना बटण दाबून धरणं म्हणजे काय, हे ज्याने केलंय त्यालाच कळेल. हे गोठणं थांबवायला मी अर्लीऊम बसवलं: मेमरी संपत आली की मशीन अडकायच्या आत एखादा चालू प्रोग्रॅम बंद करणारा छोटा राखणदार. त्याचाच हा अनुभव.

जामसंड्याला आमची बाग आहे, सर्व्हर म्हणजे एका ऑफिसातून निघालेला जुना डेस्कटॉप. ४ जीबी रॅम, ५०० जीबीची फिरती डिस्क, २ जीबी स्वॅप (रॅम भरली की वापरायची डिस्कवरची जागा), आणि डेबियन लिनक्स. त्यावर ऑर्डरवही चालते (पीएचपी भाषा आणि मारियाडीबी डेटाबेस, मीच लिहिलेली, म्हणून दोषही माझेच) आणि पेटीवर चिकटवायची लेबलं निघतात. दहा महिने कोणाला त्याची आठवण होत नाही. एप्रिल-मेमध्ये मात्र घरातली चार माणसं एकाच वेळी त्याच्यावर तुटून पडतात.

मला वाटायचं, मेमरी संपली की कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, स्वतःच एखाद्या प्रोसेसला (चालू प्रोग्रॅमला) मारून जागा करतो. करतो, पण फार उशिरा. जुने घरवाले समजतील असं सांगते. रॅम म्हणजे ओटा, स्वॅप म्हणजे माळा. ओटा भरला की नको असलेली भांडी माळ्यावर जातात, इथपर्यंत ठीक. पण प्रत्येक फोडणीला एक पातेलं खाली काढायचं आणि त्यासाठी दुसरं वर टाकायचं अशी वेळ आली, की घरातलं माणूस दिवसभर शिडीवरच. स्वयंपाक काही होत नाही. कर्नलच्या हिशोबात मात्र काम चालू असतं, जागा मिळत असते, मग मारायचं कशाला? म्हणून बटण दाबल्यानंतर 'जर्नलसीटीएल' या आज्ञेने मशीन बंद पडण्याआधीची नोंद पाहिली, तर पाचपैकी चार वेळा 'आउट ऑफ मेमरी'ची ओळच नव्हती. आणि माळा पाडून टाकला तरी सुटका नाही. स्वॅप बंद केला, तर कर्नल चालू प्रोग्रॅमच्या कोडचीच पानं मेमरीतून टाकून देतो, कारण ती डिस्कवरच्या फाइलमधून परत वाचता येतात. ती परत वाचण्यातच सगळा वेळ जातो. किर्रकिर्र तीच.

पुतण्या कोल्हापूरला इंजिनीअरिंगला आहे. त्याने फोनवर सांगितलं, "काकी, स्वॅप ८ जीबी कर." केला. आधी दहा मिनिटांत जीव जायचा, आता चाळीस मिनिटं घरघर. फिरत्या डिस्कवर मोठा स्वॅप हा उपाय नाही, आजार लांबवणं आहे. हे त्याला सांगितलं नाही, परीक्षा चालू होती.

मग अर्लीऊम टाकलं. फुकट आहे, सी भाषेत लिहिलेलं, डेबियनच्या भांडारात आहे, 'एपीटी'ने अर्ध्या मिनिटात बसतं. काम एकच: सेकंदाला दहा वेळांपर्यंत मोकळी मेमरी आणि मोकळा स्वॅप बघायचा, दोन्ही १० टक्क्यांच्या खाली गेले की सगळ्यात जास्त गुण असलेल्या प्रोसेसला आधी 'सिगटर्म' म्हणजे आवरून घे असं सांगायचं, ५ टक्क्यांखाली गेले तर न विचारता 'सिगकिल', म्हणजे जागच्या जागी ठार. हे गुण कर्नलच देतो, ढोबळमानाने जो जास्त मेमरी खातो त्याला जास्त. अर्लीऊमला स्वतःला दोनेक एमबी पुरतात, आणि तेवढी मेमरी ते रॅममध्येच कुलूप लावून ठेवतं, म्हणजे ऐन वेळी राखणदारच माळ्यावर सापडला असं होत नाही. फेडोरा या दुसऱ्या लिनक्सने २०२० मध्ये आपल्या ३२ व्या आवृत्तीत ते डेस्कटॉपवर आपणहून चालू करून दिलं होतं, म्हणजे खेळणं नाही.

पहिल्या रात्री काहीच उपयोग झाला नाही. सर्व्हर तसाच गोठला. चूक माझी. 'दोन्ही' या शब्दाकडे मी नीट पाहिलं नव्हतं. ८ जीबीचा स्वॅप १० टक्क्यांवर यायला ७ जीबीहून जास्त भरावा लागतो, आणि आमच्या डिस्कवर तो निम्मा भरायच्या आतच सगळं ठप्प होतं. अर्लीऊमच्या मॅन पेजमध्ये (माहितीपानात) उपाय लिहिलेला आहे: स्वॅपच्या '-एस' या पर्यायाला १०० हा आकडा द्यायचा, की स्वॅप किती मोकळा आहे याकडे बघितलंच जात नाही, फक्त मेमरी. ईटीसी फोल्डरातल्या 'डिफॉल्ट'मधल्या अर्लीऊमच्या फाइलमध्ये ती एक ओळ बदलली, स्वॅपही परत २ जीबीवर आणला. फिरती डिस्क असेल तर हे पहिल्याच दिवशी करा.

दुसऱ्या रात्री त्याने काम केलं, आणि मारलं कोणाला? मारियाडीबीला. त्याचंही बरोबरच, कारण बफर पूल, म्हणजे डेटाबेसने स्वतःसाठी राखलेली मेमरी, मी हौसेने १ जीबी करून ठेवला होता (मुळात १२८ एमबी असतो), गुण त्याचेच सगळ्यात जास्त. गंमत पुढे आहे. 'सिगटर्म' मिळाल्यावर डेटाबेस शिस्तीत दुकान आवरून बंद झाला. शिस्तीत बंद झाला, म्हणून सिस्टमडीला (सर्व्हिसेस चालू-बंद करणाऱ्या कारभाऱ्याला) वाटलं कोणीतरी मुद्दाम बंद केला, आणि त्याने तो परत उठवलाच नाही. दणका देऊन मारला असता तर उठवला असता! सकाळी सहाला भावोजींची हाक, "ऑर्डरी खय गेल्यो?" तेव्हापासून अर्लीऊमच्या 'अव्हॉइड' (शक्यतो मारू नको) यादीत मारियाडीबी आणि दुरून लॉगिन करायचं एसएसएच, 'प्रेफर' (आधी यांना मार) यादीत पीएचपी. त्याने गुण ३०० ने कमी-जास्त होतात. हे न करता अर्लीऊम बसवणं म्हणजे कुत्रा पाळायचा आणि घरची माणसं ओळखायला शिकवायची नाहीत.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी, शेडमध्ये गर्दी असताना, मी दर सेकंदाला मेमरीचे आकडे दाखवणारं 'व्हीएमस्टॅट १' लावून बसले. एरवी 'एसआय' आणि 'एसओ' (स्वॅपमधून आत, स्वॅपकडे बाहेर) या रकान्यांत शून्य असतं. सहा वाजून गेल्यावर तिथे हजारांचे आकडे पळायला लागले, डिस्कने सूर धरला, मी बटणाकडे हात नेला. आणि आकडे पडले. शून्य, शून्य. नोंदीत एक ओळ: पीएचपीच्या अमुक प्रोसेसला सिगटर्म, व्यापलेली मेमरी ४३० एमबी. नणंदेच्या मोबाइलवर एक लेबल फसलं, तिने परत दाबलं, निघालं. बाकी कोणाला पत्ताही नाही. अण्णांनी मान वर केली नाही. मला यातच पैसे वसूल झाले, म्हणजे दिले असते तर.

त्या ओळीनेच खरा चोर दाखवला. एका लेबलाला ४३० एमबी कशाला? लेबलावर पुतण्याने काढलेला आमच्या जुन्या कलमाचा फोटो आहे. डिस्कवर ३ एमबीची जेपेग. पण तो ४००० बाय ३००० पिक्सेलचा, आणि उघडला की दर पिक्सेलला ४ बाइट, म्हणजे एका प्रतीला ४८ एमबी. माझा कोड त्याच्या प्रतींवर प्रती काढत होता, प्रत्येक लेबलाला नव्याने. वर पीएचपीच्या एकाच वेळी चालणाऱ्या प्रोसेसची कमाल मी कुठूनतरी उचलून ४० ठेवलेली. चाळीस! चार माणसांच्या शेडमध्ये. आता फोटो ४०० पिक्सेल रुंद, कमाल ६, बफर पूल २५६ एमबी.

मग अर्लीऊम लागतंच का, असं कोणी विचारेल. चोर सापडेपर्यंत लागतंच. गोठलेली मशीन काही सांगत नाही, मारलेल्या प्रोसेसची निदान नोंद राहते. त्याची खोट अशी की त्याला टक्क्यांपलीकडे काही कळत नाही. मशीन खरोखर किती अडकून पडलीय हे कर्नल ४.२० पासून 'प्रॉक'मधल्या 'प्रेशर'मध्ये मोजून देतो, सिस्टमडीचाच राखणदार सिस्टमडी-ऊमडी ते वाचतो, आणि फेडोराही पुढे ३४ व्या आवृत्तीत त्याच्याकडेच वळली. पण तो एका प्रोसेसला नाही, प्रोसेसच्या अख्ख्या गटाला मारतो, आणि माझं सगळं पीएचपी एकाच गटात आहे. एक लेबल फसणं आणि सगळ्यांची स्क्रीन जाणं यात मी पहिलं निवडलं. सर्व्हिसेस वेगळ्या बांधून प्रत्येकीला 'मेमरीमॅक्स' (मेमरीची कमाल मर्यादा) घालणं याहून चांगलं, ते पावसाळ्यात करीन.

पाचपैकी चार तारे. एक कापला तो 'दोन्ही १० टक्के' या ठरीव आकड्यांसाठी. जुन्या डिस्कवाल्यांची त्यात फसगत होते.

हंगाम संपेपर्यंत त्याने परत कोणाला मारलं नाही, तासाला एक ओळ लिहून बसून राहिलं. तक्रार एकच आली, ती भावोजींची: लेबलावर आता कलम नीट दिसत नाही.