स्वस्त ओबीडी डोंगल : सेकंड हँड गाडीवर कितपत कामाचा?

स्वस्तातली सेकंड हँड गाडी घेतली, आठवडाभर झकास चालली आणि मग इंजिनचा पिवळा दिवा लागला, ही तक्रार नेहमीची. प्रत्येक वेळी तो नशिबाचा भाग नसतो. फॉल्ट कोड (गाडीने नोंदलेला बिघाडाचा क्रमांक) पुसला की दिवा विझतो, बिघाड जागेवरच राहतो. इंजिनच्या कंप्युटरच्या, म्हणजे ईसीयूच्या, चाचण्या पहिल्यापासून सुरू होतात, आणि बरेच कोड सलग दोन फेऱ्यांत तोच दोष दिसल्याशिवाय दिवा लावत नाहीत. तोवर व्यवहार उरकलेला असतो.

गाडीच्या ओबीडी (दोष तपासायच्या) सॉकेटमध्ये खोचून मोबाइलवर हे कोड दाखवणारा, ईएलएम३२७ चिपच्या जातीचा ब्लूटूथ डोंगल इथेच पैसे वसूल करतो. लोक तो दिवा घालवायला विकत घेतात. तो त्याचा सगळ्यात वाईट उपयोग. आधी काय पुसलं गेलंय, हे बघायला घ्या.

डोंगल लावण्यापूर्वी किल्ली ऑन करा, इंजिन मात्र चालू करू नका. इंजिनचा दिवा आता पेटलाच पाहिजे. पेटत नसेल तर बल्ब गेलाय किंवा कुणीतरी मुद्दाम काढलाय. मग स्टिअरिंगखालच्या १६ पिनांच्या सॉकेटमध्ये डोंगल खोचा आणि ॲपमध्ये ‘रेडीनेस मॉनिटर’ (ईसीयूच्या कुठल्या चाचण्या पूर्ण झाल्या त्याची यादी) उघडा. कॅटॅलिस्ट (धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर), ऑक्सिजन सेन्सर वगैरे चाचण्या अपूर्ण दिसल्या तर मेमरी नुकतीच साफ झालीय. कोड पुसल्यापासून किती किलोमीटर झाले, हेही बऱ्याच गाड्या सांगतात. फार जुन्या मॉडेलमध्ये हा आकडा मिळत नाही. ‘बॅटरी बदलली म्हणून झालं’ हे उत्तर ठरलेलं, आणि ते खरंही असू शकतं. बॅटरीवरची तारीख बघा, म्हणजे कळेल.

गाडी आधीच घेऊन झाली असेल तर कोड पुसण्याआधी ‘फ्रीझ फ्रेम’चा स्क्रीनशॉट काढून ठेवा. दोष नोंदला तेव्हा आरपीएम, वेग, कूलंटचं तापमान किती होतं ते त्यात असतं, आणि कोडसोबत तेही पुसलं जातं.

खरी मजा लाइव्ह डेटात आहे, त्यातही फ्युएल ट्रिममध्ये, म्हणजे ईसीयू पेट्रोल किती टक्के वाढवतोय किंवा घटवतोय त्या आकड्यात. इंजिन गरम झाल्यावर शॉर्ट टर्म आणि लाँग टर्म या दोन आकड्यांची बेरीज करा. शून्याच्या आसपास, पाच टक्के इकडे-तिकडे असेल तर उत्तम. अधिक १० च्या वर गेली तर इंजिनला हवा जास्त किंवा पेट्रोल कमी पडतंय. अशीच वाढत राहिली की पी०१७१ (मिश्रणात पेट्रोल कमी) हा कोड येतो. आता आयडलिंगला आकडा बघा, मग २५०० आरपीएमवर धरून बघा. आयडलिंगला जास्त आणि रेस केल्यावर खाली आला तर कुठूनतरी हवा ओढली जातेय: तडकलेला व्हॅक्युम पाइप, इनटेकचं गॅस्केट. उलट चढावर, लोड आल्यावर वाढला तर फ्युएल पंप किंवा चोंदलेला फिल्टर. यात एक मेख आहे. हे गणित एअर फ्लो सेन्सरवाल्या गाड्यांचं. मॅप सेन्सरवाल्या (इनटेकमधला दाब मोजणाऱ्या) छोट्या गाड्यांत हवा गळत असली तरी ट्रिम फारसा हलत नाही, आयडलिंगच वर चढतं.

गाडी मिसिंग मारतेय आणि पी०३०२ (दोन नंबरच्या सिलिंडरचं मिसिंग) दिसतोय? प्रत्येक प्लगवर वेगळी कॉइल असेल तर दोन नंबरची तीनवर लावा, कोड पुसा, पुन्हा चालवा. पी०३०३ आला तर कॉइल गेली. तिथेच राहिला तर प्लग, मग इंजेक्टर, शेवटी कॉम्प्रेशन. दिवा लुकलुकत असेल तर मात्र गाडी दामटू नका. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं आणि छोट्या खर्चाचा मोठा होतो.

पी०४२० (कन्व्हर्टर नीट काम करत नाही) आला की सेन्सर बदलून मोकळं व्हायची घाई नको. मागच्या ऑक्सिजन सेन्सरचं व्होल्टेज गरम इंजिनवर बऱ्यापैकी स्थिर असायला हवं. ते ०.१ ते ०.९ असं सारखं झुलत असेल तर कन्व्हर्टर संपलाय. आधी एक्झॉस्ट पाइपला गळती नाही ना, ते बघा.

उरलेलं झटपट: इंजिन चालू असताना व्होल्टेज साधारण १३.८ ते १४.५ असावं (काही नव्या गाड्या ते मुद्दाम कमी-जास्त करतात), आणि हायवेवर कूलंट ७० अंशांच्या पुढे सरकत नसेल तर थर्मोस्टॅट उघडा अडकलाय.

डोंगलच्या खोडी कमी नाहीत. बाजारातले बहुतेक नकली चिपचे. ‘१.५’ लिहिलेलं असेल तर समजून जा, मूळ कंपनीने ती आवृत्ती कधी काढलीच नाही; तरीही तो बऱ्याचदा ‘२.१’ लिहिलेल्या नकलेपेक्षा बरा चालतो, कारण तिच्यात कितीतरी कमांड गायब असतात. आयफोनला साधा ब्लूटूथवाला चालत नाही, वायफाय किंवा बीएलई (कमी ऊर्जेचं ब्लूटूथ) बघून घ्या. एबीएस आणि एअरबॅगचे कोड साध्या ॲपमध्ये सहसा दिसत नाहीत. घसरणारा क्लच, गळकं ऑइल सील, टायमिंग बेल्टचं वय हे तर कुठल्याच डोंगलला कळत नाही. त्यासाठी गाडी रॅम्पवर चढवून मेकॅनिकलाच दाखवावी लागते. आणि काम झालं की डोंगल काढून ठेवा. सॉकेटला किल्ली बंद असतानाही करंट असतो, थकलेली बॅटरी काही दिवस उभ्या गाडीत त्यानेच बसते.