कोथरूडमधलं रिडेव्हलपमेंट, पहिला पावसाळा: शोषखड्डा उत्तम, झाकण गायब!

बोअरला गढूळ पाणी आलं, म्हणून हे लिहितोय. पझेशन दिवाळीत मिळालं. फ्लॅट, लिफ्ट, पार्किंग यांवर इतरांनी भरपूर लिहिलंय. सौर बंब झकास, थंडीतही सकाळी कडक पाणी. मला बोलायचंय पावसाच्या पाण्याबद्दल.

५०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर पाणी साठवण्या-जिरवण्याची सोय नियमानेच बंधनकारक आहे, म्हणजे बिल्डरने उपकार केलेले नाहीत. गच्चीचे पाइप फिल्टरच्या चेंबरमध्ये, तिथून पाणी बोअरलगतच्या शोषखड्ड्यात. जूनमध्ये प्लंबरला घेऊन चेंबर शोधायला गेलो, तर सापडेना. वरून सरसकट पेव्हर ब्लॉक! बिल्डरचा माणूस म्हणतो, "काका, झाकण वाईट दिसतं, म्हणून बुजवलं." अहो, उघडताच येत नाही तो फिल्टर धुवायचा कसा? गच्चीवरची धूळ, पारव्यांची घाण, उरलंसुरलं सिमेंट सगळं पहिल्या पावसात खाली येतं. ते पाणी बाहेर सोडायचा व्हॉल्व्हही त्याच चेंबरमध्ये. एका झाकणासाठी फोन केले, कमिटीचं लेखी पत्र दिलं, तरी कोणी फिरकलं नाही.

शेवटी सोसायटीच्या खर्चाने ब्लॉक उकरले. इथे माझं मत बदललं. आतलं काम चोख निघालं. खडी-वाळूचे थर नीट, खड्डा थेट मुरुमापर्यंत नेलेला. पुण्यात हे फार महत्त्वाचं, कारण खाली काळा पाषाण आहे. पाणी मुरतं ते त्याच्या झिजलेल्या थरात आणि भेगांत. उथळ खड्डा नुसता तुंबतो. आखणी करणाऱ्याला जमीन कळत होती, हे मान्य करायलाच हवं. गाळ काढला, वाळू धुऊन भरली, आणि हळूहळू बोअर निवळली.

आता हिशेब. गच्ची ४०० चौरस मीटर, पुण्याचा पाऊस साधारण ७०० मिलिमीटर. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर म्हणजे एक लिटर, म्हणजे २ लाख ८० हजार लिटर. पाव हिस्सा वाया गेला धरला तरी दहा हजार लिटरचे २१ टँकर जमिनीत जातात. एवढं पाणी एका झाकणावाचून अडावं, याचा मला अजून संताप येतो.

तुमची इमारत पाडायला निघाली असेल तर करारातच चेंबरचं उघडणारं झाकण आणि दर मे महिन्यात गाळ काढणं लिहून घ्या. चावी घेण्याआधी चेंबर उघडून दाखवायला सांगा. आमच्या खर्चाचं बिल बिल्डरला पाठवलंय. पैसे अजून आलेले नाहीत.